हळकुंड मोडून दाखवा: ॲनिमेवर लिहायचं कसं

भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत माझ्यासमोर वही ठेवली. "मावशी, बघ की कसं झालंय." वहीत दोन ओळी होत्या. 'हायक्यू लई भारी आहे. सगळ्यांनी बघाच.' तो दहावीला आहे, शाळेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळतो, आणि हारुइची फुरुदाते यांच्या मांगावरची, म्हणजे जपानी चित्रकथेवरची, ही व्हॉलीबॉलची मालिका त्यानं दोनदा संपवलीय. मी विचारलं, "भारी म्हणजे काय?" तो म्हणाला, "भारी म्हणजे भारी." मग मी प्रश्न बदलला. "बघताना तू उठून कधी बसलास?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बुटांचा आवाज. लाकडी फरशीवर चर्र होतो ना, तो. आमच्या मातीत येत नाही. पण मिरजेला हॉलमध्ये मॅच होती तेव्हा आला होता. आणि बॉल हातावर घेतात तेव्हाचा 'थड्'. तो अगदी बरोबर आहे."

"हे लिही," मी म्हटलं.

"एवढंच?"

"आधी एवढंच."

त्या दुपारी त्याला जे जे सांगितलं ते इथं सविस्तर मांडते. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघून झाल्यावर ज्यांच्या मनात खूप काही असतं आणि लिहायला बसलं की 'जबरदस्त'च्या पुढं काही सुचत नाही, अशा सगळ्यांसाठी.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब लिहिते. हळदीचं दुकान. नवी हळद यायला लागली की सौदे निघतात, ढिगांच्या रांगा लागतात. खरेदीदार ढिगासमोर उभा राहतो, मूठभर हळकुंडं उचलतो आणि त्यातलं एक मोडतो. आतला रंग बघतो. मोडताना आवाज कसा आला ते ऐकतो, कारण ओलसर हळकुंड वाकतं आणि नीट वाळलेलं कट्कन तुटतं. मग भाव बोलतो. नुसतं ढिगाकडं बघून 'माल भारी' म्हणत कुणी पुढं जात नाही. मी २०११ पासून वहीत ॲनिमेबद्दल लिहिते आहे. पहिली दोन वर्षं मी ढिगाकडं बघूनच बोलत होते. एकदा सौद्यात एका वयस्कर व्यापाऱ्यांनी मोडलेलं हळकुंड माझ्या हातावर ठेवलं, म्हणाले, "बाई, हे बघा, मग लिहा." ते पावतीबद्दल बोलत होते. मी घरी येऊन वहीतलं शेवटचं परीक्षण खोडलं आणि परत लिहिलं.

परीक्षणाचं माझ्या लेखी काम एकच आहे. पूर्ण मालिकेतला एक प्रसंग उचलायचा, मोडायचा आणि वाचणाऱ्याला आतला रंग दाखवायचा. बाकी सगळी त्याची तयारी.

तयारीचं आधी उरकते. वहीच्या पानावर वर सहा गोष्टी लिहा: वर्ष, एकूण भाग, मूळ काय (मांगा, कादंबरी की थेट पडद्यासाठी लिहिलेली गोष्ट), स्टुडिओ, दिग्दर्शक, आणि तुम्ही कुठला आवाज ऐकला, जपानी की हिंदी की इंग्रजी. शेवटचं बहुतेक जण लिहीत नाहीत आणि मग दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी ऐकून एकाच मालिकेवर भांडत बसतात. मूळ काय ते का लिहायचं? जपानी टीव्हीवर जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असे चार हंगाम असतात आणि एका हंगामात साधारण १२-१३ भाग बसतात. मांगा चालू असताना मालिका निघाली असेल तर गोष्ट मध्येच थांबते. ते माहीत नसलं की आपण 'शेवट अर्धवट' असा ठपका ठेवतो. हिरोमू आराकावा यांच्या 'फुलमेटल अल्केमिस्ट'चं तेच झालं. २००३ च्या मालिकेला मांगा पूर्ण नसल्यानं स्वतःची वाट काढावी लागली, आणि २००९ मध्ये ६४ भागांची दुसरी मालिका मांग्याच्या वाटेनं गेली. दोन्ही बघणाऱ्यानं एकीला दुसरीच्या मापानं मोजू नये असं मला मनापासून वाटतं.

बघताना पहिल्यांदा पेन हातात घेऊ नका. रडायचं तर रडा. भाग संपल्यावर फक्त एक ओळ लिहा: आत्ता डोळ्यासमोर काय आहे? दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच प्रश्न. दोन्ही वेळा एकच चित्र आलं तर तो तुमचा प्रसंग. मग तेवढाच भाग पुन्हा लावा आणि आता मिनिट-सेकंद टिपून घ्या. साधारण २४ मिनिटांचा भाग असतो, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीड-दीड मिनिटाचं. ही गाणी निदान एकदा पूर्ण बघा. गोष्ट पुढं कुठं जाणार याच्या खुणा तिथं ठेवलेल्या असतात, आणि मालिका संपवून परत आलात की त्या दिसतात.

तीन भाग बघून ठरवावं असं चाहत्यांत म्हणतात. ठीक आहे. पण सोडली तर कुठं सोडली ते स्पष्ट लिहा. चार भाग बघून २६ भागांवर निकाल देणं म्हणजे पोत्याचं तोंड न सोडता भाव बोलणं.

आता मोडून दाखवणं म्हणजे काय ते 'गिन नो साजी'वरून सांगते. अर्थ चांदीचा चमचा. हीही आराकावांचीच गोष्ट. त्या स्वतः होक्काइदोतल्या दूधवाल्या शेतकरी घरात वाढल्या. २०१३ आणि २०१४ मध्ये ११-११ भागांचे दोन सीझन आले. हाचिकेन नावाचा शहरातला हुशार मुलगा घरापासून लांब जायचं म्हणून शेतकी शाळेत दाखल होतो. तिथं डुकरिणीच्या पिल्लांत एक सगळ्यात बारकं असतं, दुधाच्या ओढाओढीत मागं पडणारं. हाचिकेनचा जीव त्याच्यात अडकतो. सोबतची शेतकऱ्यांची पोरं त्याला सांगतात, नाव ठेवू नकोस. तो ठेवतो. नाव काय, तर 'बुतादोन'. भातावर डुकराचं मटण घालून जो वाडगा मिळतो, त्याचं नाव.

हे मी बघत होते तेव्हा आई मागं भाजी निवडत बसली होती. तिला जपानी कळत नाही, इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत. मी मध्ये मध्ये सांगत होते. 'नाव ठेवू नको' म्हणाले, एवढं मी सांगितल्यावर तिचा हात थांबला. ती म्हणाली, "आमची आईपण हेच म्हणायची." माझं आजोळ वाळवा तालुक्यात, दारात चार म्हशी. रेडी झाली की आजी तिचं नाव लगेच ठेवायची, चंद्री, मोरणी, काहीतरी. रेडा झाला तर नाही. आम्ही सुट्टीत जाऊन लाडानं काही हाक मारायला लागलो की ती जोरात ओरडायची. मी सात-आठ वर्षांची असताना तिला दुष्ट समजायचे. थोड्या महिन्यांनी गेलं की ते रेडकू तिथं नसायचं आणि कुणी विचारायचं नाही. आजी ओरडत होती ती कुणाला वाचवायला, हे मला होक्काइदोतल्या एका डुकराच्या पिल्लानं सांगितलं.

पुढं हाचिकेन काय करतो तेही बघा. बुतादोन कत्तलखान्यात जातो. हाचिकेन त्याला पळवून नेत नाही. सुट्टीत राबून मिळवलेल्या पैशांतून तो त्याचं सगळं मांस विकत घेतो, धुरावर त्याचं बेकन करतो आणि वाटून खातो. मालिका त्याला शाबासकी देत नाही आणि दोषही देत नाही. मी परीक्षणात एवढंच लिहिलं, सोबत आजीचं रेडकू लिहिलं, आणि खाली एक ओळ: 'ज्यांच्या दारात जनावर आहे त्यांनी ही बघावी, आणि ज्यांच्या ताटात आहे त्यांनीही.' 'हृदयस्पर्शी' हा शब्द लागला नाही. माझ्या मावसभावानं, ज्याला ॲनिमे म्हणजे काय ठाऊक नव्हतं, तेवढं वाचून दोन्ही सीझन बघितले. गोठ्यात फोन लावून.

चित्राकडं बघायला मात्र शिकावं लागतं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण ॲनिमेत प्रत्येक चौकटीला नवं चित्र नसतं. एक चित्र दोन किंवा तीन चौकटी टिकवतात, म्हणजे सेकंदाला १२ किंवा ८ चित्रं. १ जानेवारी १९६३ ला ओसामू तेझुका यांची 'तेत्सुवान आतोमु' टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला भाग द्यायचा, पैसे आणि माणसं कमी. मग चित्रं वाचवायच्या युक्त्या निघाल्या: फक्त ओठ हलवायचे, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा, तीच धावण्याची चित्रं परत वापरायची. त्या काटकसरीतून पुढं एक भाषा तयार झाली. म्हणून 'चित्र हलतच नाही' एवढं लिहून थांबू नका. का हलत नाही ते विचारा. १९९५ च्या 'इव्हँगेलियन'मध्ये २२ व्या भागात दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. जवळजवळ मिनिटभर कुणी हलत नाही, बोलत नाही. लिफ्टचा आवाज तेवढा येतो. तुम्हाला अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्या दोघींतला ताण तुमच्या अंगावर येतो. तिथं स्थिर चित्र काम करतंय. दुसरीकडं एखाद्या मारामारीत चेहरे वेडेवाकडे होतात, ओळी तुटतात, आणि थांबवून बघितलं की चित्र 'चुकलेलं' वाटतं. ते चालू ठेवून बघा. वेग दाखवायला चित्रकारानं मुद्दाम ओढलेलं असतं. फोटो काढून 'बघा किती घाण' म्हणणारे हे विसरतात.

एका मालिकेवर ढीगभर चित्रकार काम करतात, तरी नायकाचा चेहरा सगळीकडं तोच राहतो. तो सांभाळणाऱ्या माणसाला 'साकुगा कान्तोकू' म्हणतात. शेवटच्या नावांच्या यादीत हे नाव शोधायची सवय लावा. एखादा भाग एकदम वेगळा, जास्त जिवंत वाटला तर त्या भागाचा दिग्दर्शक आणि हा माणूस कोण ते बघा. नुसतं 'स्टुडिओनं कमाल केली' लिहिण्यापेक्षा माणसाचं नाव लिहिलेलं बरं.

आता कानाबद्दल. इथं मराठी माणसाच्या हातात एक मोठी गोष्ट आहे आणि आपण ती वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आपण इंग्रजी सबटायटल वाचतो, इंग्रजीत लिहिलेली परीक्षणं वाचतो आणि त्यांच्याच शब्दांत विचार करायला लागतो. पण जपानी वाक्य आपल्यासारखं चालतं. क्रियापद शेवटी, आणि नामाला मागून शब्द लागतो. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास': मी, भात, खातो. त्याच क्रमानं. आणि गोहान म्हणजे भातही आणि जेवणही. 'ड्रॅगन बॉल झी' बघत मोठं झालेल्या माझ्या वयाच्या लोकांना सांगते, तो गोहान म्हणजे भातच. वाक्याच्या शेवटी जो 'ने' येतो तो आपला 'ना'. 'आत्सुई देसु ने' म्हणजे 'उकडतंय ना'.

सगळ्यात जवळचं उदाहरण. शाळेच्या कुठल्याही मालिकेत सकाळी पोरगं दारातून ओरडतं, 'इत्तेकिमास!' खाली इंग्रजीत येतं की मी निघालो. पण शब्द फोडला तर तो आहे, 'जाऊन येतो'. आपल्याकडं घरातून बाहेर पडताना 'जातो' म्हटलं की आजी दटावते, 'येतो म्हणावं रे'. तेच ते. घरातून उत्तर येतं 'इत्तेराश्शाय', जाऊन ये. आता ज्या मालिकेत एखादं पात्र एकटं राहतं आणि रिकाम्या खोलीला 'इत्तेकिमास' म्हणतं, तिथं इंग्रजी वाचणाऱ्याला एक माणूस खोलीशी बोलताना दिसतो. आपल्याला कळतं की 'ये' म्हणणारं कुणी उरलेलं नाही. हे लिहा. हे दुसऱ्या भाषेतल्या परीक्षणात सापडणार नाही.

नात्यांचंही तसंच. जपानीत धाकटी बहीण 'ओनी-चान' म्हणते, सबटायटलमध्ये भावाचं नाव येतं. तुम्ही 'दादा' लिहा. कोण कुणाला कुठल्या 'तू'नं हाक मारतंय तेही ऐका. त्यांच्याकडं 'तू'चे अनेक प्रकार आहेत आणि रागावलेला माणूस एका वाक्यात 'किमी'वरून 'ओमाए'वर येतो. आपण 'अहो'वरून 'ए'वर येतो तसं. मात्र सगळ्याला ओढून मराठी करू नका. 'सेनपाई'ला सेनपाईच राहू द्या. एकाच शाळेत, एकाच खेळात आपल्याआधी आलेला माणूस, एवढं एकदा सांगितलं की वाचणारा समजून घेतो.

एक गोष्ट मी प्रत्येक परीक्षणात न चुकता लिहिते: हॉलमध्ये बघता येईल का? आपल्याकडं बहुतेक घरांत एकच टीव्ही, आणि मागं आजोबा पेपर वाचत असतात. ॲनिमे म्हणजे लहान मुलांचं असं समजून पालक काहीही लावून देतात, आणि मालिका १८ वर्षांवरच्यांसाठी निघते. हिंसा किती, अंगप्रदर्शन किती, आत्महत्येचा विषय आहे का, हे सरळ शब्दांत लिहा. त्यानं कलेचा अपमान होत नाही. दोन शाळकरी बहिणी आमच्या ॲनिमे बघणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये येतात, त्यांचे वडील त्यांना सोडताना मला विचारतात, "ताई, आज काय लावणार?" त्यांना खरं उत्तर देता आलं पाहिजे.

आणि तुम्ही कुठून बघताय ते सांगा. हे शिकायला मला बराच काळ लागला.

ऑगस्ट २०१९. आमचं घर तेव्हा गावभागात होतं, नदीपासून लांब नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. आम्ही आधीच ताईकडं विश्रामबागला गेलो होतो. पाणी उतरल्यावर परत आलो तर तळमजल्यावर गुडघ्याएवढा गाळ. माझ्या वह्या खालच्या फळीत होत्या. तीन वह्यांची शाई पसरून पानं निळी झाली होती. मी पान पान सोडवून गच्चीवर दगड ठेवून वाळवलं, पण वाचता येत नव्हतं. आमच्या ग्रुपवर नुसतं कळवलं होतं. दोन दिवसांत फोटो यायला लागले. मी वेळोवेळी ज्यांना ज्यांना पानांचे फोटो पाठवले होते, पुण्याची एक मुलगी, निपाणीचा एक शिक्षक, त्यांनी ते जपून ठेवले होते. कोल्हापूरच्या एका पोराचं स्वतःचं घर पाण्यात होतं, त्यानंही चार पानं पाठवली. यांतल्या दोघांना मी तेव्हा प्रत्यक्ष भेटलेलीही नव्हते. चाहत्यांची मंडळी म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी ती निळी पानं आणि ते फोटो दाखवते.

त्याच ऑक्टोबरात माकोतो शिन्काई यांचा 'वेदरिंग विथ यू' भारतात चित्रपटगृहांत लागला. भारतातल्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढून मागणी केली होती, म्हणून आला. मीही सही केली होती. आम्ही चौघं पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो. ज्यांनी हा चित्रपट बघितला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून द्यावा, त्यात शेवट आहे.

टोकियोत पाऊस थांबत नाही. एक मुलगी प्रार्थना करून ऊन पाडू शकते, पण कायमचं ऊन पडायचं तर तिनं नाहीसं व्हायला हवं. मुलगा तिला परत आणतो, आणि पाऊस पडत राहतो, टोकियोचा मोठा भाग पाण्याखाली जातो. चित्रपटगृहात टाळ्या वाजल्या. मी खुर्चीचा हात धरून बसले होते. डांबरावर उडणारा प्रत्येक थेंब इतका खरा काढलेला की मला गाळाचा वास आला. परतीच्या एसटीत मी म्हटलं, एका मुलीसाठी गाव बुडवलं आणि गाणं लावलं. आमच्यातला इंजिनिअरिंगचा पोरगा म्हणाला, "ताई, मोठ्यांनी बिघडवलेलं आभाळ एका पोरीनं जीव देऊन का दुरुस्त करायचं?" कराडपर्यंत आम्ही भांडलो. घरी येऊन मी परीक्षण लिहिलं, पहिलं वाक्य असं: 'हा चित्रपट मी आमच्या घरात पाणी येऊन गेल्यावर दोन महिन्यांनी बघितला.' त्याखाली राग लिहिला, आणि त्या पोराचं म्हणणंही लिहिलं. दोन वर्षांनी परत बघितला. तेव्हा त्यातली एक आजी दिसली, जुनं घर सोडून उंच इमारतीत राहायला गेलेली. ती म्हणते, हा भाग मुळात समुद्रच होता. आमच्या शेजारच्या आजी गाळ उपसताना हेच बोलल्या होत्या: "जागा तिचीच होती, ती येणारच." मी जुन्या मजकुराखाली तारीख घालून हे जोडलं. वरचा राग खोडला नाही. मत बदललं तर असंच करा. आधीचं राहू द्या, खाली तारखेसह नवं लिहा.

आमचा ग्रुप दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमराईत भेटतो. सात-आठ जण, वयं १५ ते ३८. कुणीतरी भडंग आणतं, कुणीतरी लॅपटॉप. मेडिकल दुकानात काम करणारे एक दादा आहेत, लहानपणापासून बुद्धिबळ खेळणारे, सांगलीत त्याची कमी नाही. त्यांना 'सांगात्सु नो लायन' दाखवली. जपानी बुद्धिबळ, म्हणजे शोगी खेळणाऱ्या एकट्या मुलाची गोष्ट. शोगीत मारलेली सोंगटी आपल्या बाजूनं परत पटावर उतरवता येते, हे कळल्यावर ते किती तरी वेळ त्याच नियमाबद्दल बोलत राहिले. म्हणाले, "म्हणजे शत्रूचं मेलेलं प्यादं उद्या माझं. असल्या खेळात पोरगा वाढलाय, त्याला माणूस कायमचा जातो हे पचणार कसं?" त्या मुलाचे आईवडील आणि बहीण अपघातात गेलेले आहेत. मी दोन सीझन बघून हे मला सुचलं नव्हतं. तुमच्या मंडळीत ॲनिमे न बघणारी माणसं येऊ द्या.

'खरा चाहता' कोण याची परीक्षा घेणारे भेटतात. मांगा वाचलाय का, भाग क्रमांक सांगा, दिग्दर्शकाचं नाव सांगा. मलाही एका पोरानं विचारलं होतं, "तुमच्या वयाला हे कळतं का?" मी त्याला 'जंगल बुक'ची आठवण दिली. निप्पॉन ॲनिमेशनची ५२ भागांची मालिका, १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, शेर खानला आवाज नाना पाटेकरांचा. मी सहा वर्षांची होते. अख्ख्या गल्लीत एकाच वेळी तेच गाणं ऐकू यायचं. ॲनिमे हा शब्द माहीत नसताना आम्ही सगळे ॲनिमेचे चाहते होतो. नव्यानं आलेल्या माणसाला प्रश्न विचारायचाच असेल तर एवढा विचारा, काय आवडलं?

रागाचं मात्र मला जपून सांगावंसं वाटतं. 'अटॅक ऑन टायटन'चे पहिले तीन सीझन विट स्टुडिओनं केले, डिसेंबर २०२० पासून शेवटचा माप्पानं. चित्र बदललं, आणि लोक चित्रकारांवर तुटून पडले. कामावर बोला, सेकंद सांगून बोला, पण माणसाला बोलू नका. १८ जुलै २०१९ ला क्योतो ॲनिमेशनच्या इमारतीला एकानं आग लावली, ३६ जण गेले. त्यातल्या कित्येकांनी काढलेली चित्रं मी फोनवर वॉलपेपर म्हणून ठेवली होती आणि त्यांची नावं मला ठाऊक नव्हती. तेव्हापासून मी शेवटच्या नावांची यादी पुढं ढकलत नाही.

गुणांबद्दल थोडक्यात. दहापैकी आकडा देणं मी बंद केलं. आकडा दिला की वाचणारा आकडाच वाचतो. त्याऐवजी तीन ओळी लिहा: कुणी बघावी, कुणी बघू नये, कंटाळा आला तर कितव्या भागापर्यंत धीर धरावा. 'मुशिशी' मी सगळ्यांना सांगत नाही. २६ भाग, प्रत्येकाची गोष्ट वेगळी, चाल संथ. पण रात्री झोप न येणाऱ्या दोन माणसांना सांगितली आणि दोघांनीही आठवड्यानं फोन केला.

लिहून झालं की रात्रभर ठेवा. सकाळी मोठ्यानं वाचा, घरातल्या कुणाला तरी ऐकवा. जिथं ऐकणाऱ्याची नजर फोनकडं गेली तिथं खूण करा. 'अप्रतिम', 'भन्नाट', 'मास्टरपीस' हे शब्द खोडा आणि खोडल्यावर वाक्यात काय उरतं ते बघा. काही उरलं नाही तर तिथं तुम्ही हळकुंड मोडलेलंच नाही, परत प्रसंगाकडं जा.

भाच्यानं सुट्टी संपेपर्यंत दीड पान लिहिलं. बुटांच्या आवाजापासून सुरुवात आहे. मग मिरजेची मॅच, त्यात हरले ते. मग हायक्यूतल्या हिनाताची उंची आणि स्वतःची उंची, सेंटिमीटरमध्ये. 'लई भारी' एकदाच आहे, शेवटून तिसऱ्या ओळीत. ते मी खोडायला सांगितलं नाही. बॅग उचलून दारातून म्हणाला, "मावशी, येतो गं. पुढच्या वेळी दुसरा सीझन."